पुरुषांसाठी पडदा

सुंबुला २०, सोमवार

स्तोरई गाणार नाही! तालमीला आलीच नाही. फोनवर तीन शब्द — "सासरच्यांना पसंत नाही." अजून लग्न नाही, आणि सासर! मी म्हटलं, तुला पसंत आहे का? फोन ठेवला तिनं.

कार्यक्रमाला पाच आठवडे राहिले. आठ लंडया, चार वाद्यं, आणि गळाच नाही!

उस्ताद हुमायूंनी चष्मा पुसला. ते चष्मा पुसायला लागले की समजावं, माघार घ्यायचा सल्ला येतोय. "खातोल, शब्द सोडून दे. गळ्याची जागा व्हायोलाला देऊ. सुरांत सगळं येतं." मी म्हटलं, सगळं येतं, फक्त जिनं ते म्हटलं ती बाई येत नाही. ते काबूलचे, फारसी बोलणारे, त्यांना लंडई म्हणजे नाजूक लोकगीत वाटतं. मी बोटांवर मोजून सांगितलं — दोन ओळी. पहिली आखूड, दुसरी लांब. नावाचा अर्थच छोटी विषारी सापीण. आमच्या पश्तून बायका पाणवठ्यावर म्हणतात, चुलीपुढे म्हणतात, लग्नात आणि मयतात म्हणतात. शब्द काढले तर ती गारुड्याच्या टोपलीतली दात पाडलेली सापीण. खेळ करायचा असेल तर करा, माझा चेलो त्यात नाही!

"तू फार बोलतेस," म्हणाले. हो, बोलते. घरात बोलता येत नाही म्हणून बाहेर साठवून बोलते.

परतताना टॅक्सीवाल्यानं मागच्या सीटवरचा चेलो आरशातून तीनदा पाहिला. "आत कोण आहे?" मी म्हटलं, "माझी सासू." "मेलेली?" "अजून नाही." त्यानंतर दारुल अमानपर्यंत एक शब्द बोलला नाही.

सुंबुला २१, मंगळवार

गावी, अलिंगारला, चुलतभावाचं लग्न आहे. लाला जायचाच होता, मी म्हटलं मीही येते. त्याला आनंद झाला! बहीण चेलो सोडून नातेवाइकांत बसायला तयार आहे म्हणजे सुधारते आहे असं वाटलं त्याला. वाटू दे.

सुंबुला २४, शुक्रवार. अलिंगार

लिहायला जागा नाही, पाहुण्यांच्या पोरी अंगावर झोपल्यात. पण आज लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

आत्या! तोरपेकई आत्या, बाबांची थोरली बहीण. साठीला आलेली, डाव्या डोळ्यातून पाणी वाहतं, कंबर वाकलेली, आणि गळा — असा गळा काबूलमध्ये नाही. दुपारी बायकांच्या अंगणात डफ घेतला आणि सुरू झाली. आधी हलकं —

*नदीवर तू पाणी मागितलंस —*
*घागर तुला दिली, तहान मात्र मीच घरी घेऊन आले.*

पोरी खिदळल्या. मग एक म्हातारी म्हणाली, हे काय दुधातलं, तिखट काढ. आत्यानं डफ मांडीवर आपटला —

*म्हातारा घोरत पडला आहे —*
*मी जागी, माझी वीस वर्षं कोण चोरून नेतंय ते बघत.*

हसून हसून बायकांच्या ओढण्या डोक्यावरून घसरल्या. आणि भिंतीच्या पलीकडेच हुजरा! सगळे पुरुष तिथं बसलेले, आत्याचे यजमानसुद्धा — हाजी जानदाद, आमचे आतोबा — चाळीस गावांत ज्यांच्यापुढे कोणी आवाज चढवत नाही.

पण आमच्याकडचा नियम साधा आहे. बायकांच्या अंगणात म्हटलेलं पलीकडच्या पुरुषांनी ऐकलेलं नसतं. भिंत मातीची, हातभर जाड. आवाज काय भिंतीची परवानगी घेतो? तरीही ऐकलेलं नसतं. उद्या एखादा पुरुष म्हणाला "मी ऐकलं", तर लाज त्याची. बायकांच्या भिंतीला कान लावणारा ठरतो. आणि दुसरा नियम — लंडई कोणाची, हे विचारायचं नाही.

मी शहाणी, मी विचारलं! वही काढून म्हटलं, "आत्या, ही म्हाताऱ्याची कोणाची?" आत्यानं माझ्या हातातली पेन्सिल घेतली, स्वतःच्या कानामागे खोचली आणि म्हणाली, "कोणाची असायची? ऐकली कुठंतरी. तू जेव."

सुंबुला २५, शनिवार. अलिंगार

सकाळी गोठ्याशी तिला गाठलं. फोनवरून माझी रचना ऐकवली, स्तोरईच्या आवाजातली पहिली लंडई. म्हशीची धार काढता काढता ऐकली. मग म्हणाली, "वाजवलंय छान. पण हिचं शेपूट का तोडलंस?"

"कुठलं शेपूट?"

"दुसरी ओळ गं! पहिलीएवढीच केलीस. दोन्ही सारख्या कापल्यास, सलवारीच्या दोन पायांसारख्या. ह्या सापिणीचं विष शेपटीत असतं, बाई. आखूड बोलायचं, माणूस बेसावध झाला की लांब मारायचं."

तोंडात मारल्यासारखं झालं. सहा महिने लिहिते आहे! आठ मात्रांची ओळ, आठ मात्रांची दुसरी, सगळं कसं नीटनेटकं. परदेशी पुस्तकांतून शिकले तसं. पश्तून बाईच्या पोटची मी, उस्तादांना आखूड-लांब शिकवणारी मी, आणि लंडईला चौकोनी डब्यात कोंबून बसले!

मग मी विचारलंच. आत्या, काबूलला येशील? गाशील?

"पुरुष असतील?"

"असतील."

"मग हाजी माझे पाय तोडून माझ्याच हातात देतील." म्हशीच्या पाठीवर थाप मारली. बराच वेळ धार काढत राहिली. चरवी भरली तरी. मग म्हणाली, "माझ्या ह्या डोळ्यातून पाणी येतं. काबूलला डोळ्यांचा डॉक्टर चांगला आहे म्हणतात."

सुंबुला २८, मंगळवार

आत्या आली! लालाच्याच गाडीतून, लालाच्याच शेजारी बसून. तो वाटेत तिला मोतीबिंदूवर व्याख्यान देत होता. आतोबांनी महिनाभराची परवानगी दिली, सोबत दोन कोंबड्या आणि अक्रोडांचं पोतं.

शिनकई वहिनीला मी खरं सांगितलं. ती पीठ मळत होती. म्हणाली, "मला काही माहीत नाही." मग — "तालीम किती वाजता असते? तेव्हा मी लालाला बाजारात पाठवत जाईन."

सुंबुला ३०, गुरुवार

खोटं नको म्हणून आत्याला खरंच डॉक्टरकडे नेलं. तिचे डोळे ठणठणीत! धूर जातो म्हणून पाणी येतं, एवढंच. मला मात्र चष्मा लागला.

मीझान १, शनिवार

पहिली तालीम, उस्तादांच्या घरी. फ्रिश्ता पहिलं व्हायोलिन, मरजिया दुसरं, वझमा व्हायोला, चेलो मी. आत्या दारातच थांबली. "तो कोण?" उस्ताद! तिला कोणी सांगितलं नव्हतं की उस्ताद म्हणजे पुरुष. बिचारे उस्ताद आपल्याच घरात ओशाळले. शेवटी खुर्ची उचलून बोळात जाऊन बसले, दार लोटून. आत्या दाराकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "आता इथं कोणी पुरुष नाही." बोळातून आवाज आला, "नाही."

मग वाजायला लागलं, आणि सगळा गोंधळ! फ्रिश्ता ओठांत मोजत होती — एक दोन तीन चार. आत्या डफ खाली ठेवून तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "ही काय मोजते? अंडी?" आत्या तिला वाटेल तेव्हा सुरू होते, वाटेल तितकं थांबते. आम्ही चौघी तिच्या मागे धावतोय, चप्पल तुटल्यासारख्या.

बोळातून उस्ताद ओरडले, "मोजू नका! तिच्या श्वासाकडे बघा!"

आत्या दाराकडे वळली. "बोळाला बरीच अक्कल आहे."

मीझान ४, मंगळवार

सगळ्या दुसऱ्या ओळी पुन्हा लिहिल्या. मात्रांच्या उभ्या रेघा खोडून टाकल्या. पानं भांडणात फाटल्यासारखी दिसतात. पण वाजतंय!

श्वासाचं खरं आहे. आत्याचे खांदे वर जातात, आमचे गज वर जातात. तिनं सोडलं की आम्ही तारेवर. दुसऱ्या ओळीत ती जिथं थांबेल तिथं मी एकटीनं खालचा सूर धरून ठेवायचा, ती परत येईपर्यंत. आज एकदा इतका वेळ आली नाही की माझा हात भरून आला. नंतर म्हणते, "बघत होते, सोडतेस का." नाही सोडला!

मीझान ८, शनिवार

वहिनीला कळत नाही लालाला रोज बाजारातून काय आणायला सांगावं. आज कांदे संपले म्हणून पाठवलं. घरात कांद्यांची तीन पोती झालीत.

मीझान १४, शुक्रवार

आज सातवी बदलली.

आत्यानं आपणहून सांगितलं, "ती घागरीची काढ. पोरकट आहे. तिथं मी दुसरी देते." मी म्हटलं, दे. डफ नको म्हणाली. हात मांडीवर ठेवून, डोळे उघडे ठेवून गायली —

*पाटाचं पाणी तुमचं झालं —*
*माझ्या लेकीच्या डोळ्यांतलं कुणाच्या शेताला चाललंय, विचारा तरी!*

आम्ही चौघींनी गज खाली ठेवले.

वगमा! आत्याची मुलगी. माझ्या वयाची, माझ्याएवढीच उंच, आम्ही एका ताटात जेवायचो. पाटाच्या पाळीवरून भांडण झालं, आतोबांच्या भावानं फावडं मारलं, पलीकडच्या गावचा माणूस मेला. पंच बसले. रक्ताच्या बदल्यात एक मुलगी, म्हणाले. आतोबा पंचांत बसले होते, आणि हो म्हणाले. पंधराव्या वर्षी तिला दिली, मेलेल्याच्या भावाला. बाबा त्याच आठवड्यात मला काबूलला घेऊन आले, नाहीतर बोट माझ्याकडेही वळलं असतं. आज ते नाहीत. हे ऋण मला फेडता आलं नाही. वगमाला दिली त्याला अकरा वर्षं झाली. एकदाही सासरच्यांनी तिला माहेरी पाठवलं नाही. दोन मुलं झाली म्हणतात. आत्यानं ती पाहिलेली नाहीत. गाव कुठं, तर टेकडीच्या मागे. धूर दिसतो त्यांच्या चुलीचा!

परतताना टॅक्सीत मी विचारलं, आतोबांना कधी म्हणाली नाहीस का, जाऊन आणा म्हणून?

"पंचांतून घरी आले तेव्हा कोपऱ्यात जाऊन बसले. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. नवऱ्याला पंचांच्या शब्दावरून तोंडावर बोलायचं नसतं. मी भिंतीशी म्हणत राहिले. संध्याकाळी, हुजऱ्याच्या भिंतीशी, भाकऱ्या झाल्या की." खिडकीबाहेर बघत होती. "हाजींनी ऐकलं असतं तर गेले असते गं तिला आणायला. इतके काही दगड नाहीत. ऐकलंच नाही, त्याला ते तरी काय करणार? भिंत जाड आहे."

एवढ्यावर ती अकरा वर्षं त्या माणसाला भाकरी वाढते आहे.

मीझान १८, मंगळवार

सभागृहाच्या व्यवस्थापकांनी बोलावलं होतं. घामाघूम झालेले गृहस्थ. म्हणे, बाई गाणार आणि समोर पुरुष बसणार, दिवस बरे नाहीत, कोणी दगड मारला तर जबाबदार कोण? "तडजोड म्हणून गाणाऱ्या बाईंपुढे एक पडदा लावू." उस्ताद चष्मा पुसायला लागले!

घरी येऊन आत्याला सांगितलं. मला वाटलं भडकेल. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "पडदा चांगला. लावू दे. पण माझ्यापुढे कशाला? मी काय चोरी केली आहे? पुरुषांपुढे लावा. त्यांना तिकडे बसवा."

मी म्हटलं, म्हणजे कसं?

"म्हणजे बघ — बायका इकडे, आमच्या अंगणात. तुम्ही वाजवणाऱ्या इकडे. मी इकडे. मध्ये कापड. पुरुष पलीकडे, हुजऱ्यात. मग मी पुरुषांसमोर गायलेच नाही. आणि त्यांनी ऐकलंच नाही. आपल्याकडे हे असंच असतं."

हसता हसता वहिनीचा हात तव्यावर भाजला.

मीझान १९, बुधवार

व्यवस्थापकांनी घाम पुसला. मग विचारलं, "पण मागे बसवायचं ते पुरुषांना?" मी म्हटलं, मागे नाही, बाजूला. मध्यभागी उभा पडदा, अर्धं सभागृह हे, अर्धं ते. तुम्हाला पडदा हवा होता ना? ते कागद शोधत राहिले, नियम सापडला नाही. सही केली!

पत्रिकेवर गायिकेचं नाव नाही. आत्याला विचारलं काय छापू. "काही नको. ज्यानं विचारलं त्याला सांग, ऐकलं कुठंतरी."

मीझान २२, शनिवार

वाईट झालं.

लालाला पत्रिका मिळाली. कोण गाणार हे नाही कळलं, पण मी वाजवणार हे कळलं, आणि लंडया आहेत हेही. "घरातल्या बायकांच्या गोष्टी भाड्याच्या खोलीत मांडणार?" ताट सरकवलं. मी म्हटलं, खोली नाही, सभागृह आहे, चारशे खुर्च्या. आगीत तेल! वहिनी मध्ये पडली नसती तर चेलोवर लाथ बसली असती. मग तो एकदम शांत झाला, आणि तेच जास्त वाईट. "आतोबा गुरुवारी येतायत आत्याला न्यायला. त्यांना घेऊन येतो तुझ्या कार्यक्रमाला. ऐकतील. मग तेच सांगतील तुझं काय करायचं."

आतोबा! पडद्याच्या पलीकडे, पहिल्या रांगेत!

मी आत्याला कोठीत नेलं, कांद्यांच्या पोत्यांवर बसवलं. म्हटलं, तू गायचं नाहीस. मी उस्तादांचं ऐकते, व्हायोला वाजेल. त्यांनी आवाज ओळखला तर तुझं घर गेलं, म्हातारपणी कुठं जाशील? मीच तुला यात ओढलं. मला माफ कर.

तिनं माझे कान धरले, दोन्ही, लहानपणी धरायची तसे. "ओळखायला आधी ऐकलेला असावा लागतो. अडतीस वर्षांत हाजींनी माझ्या तोंडून काय ऐकलंय? 'जेवण झालंय' आणि 'म्हैस व्याली'. गाणं भिंतीच्या ह्या बाजूला राहिलं."

"आणि ओळखलाच तर?"

"तर बघू. पण ही सातवी एकदा त्यांच्या कानावर पडायलाच हवी. नाव नको माझं. कुणाची का असेना. पुरुषाच्या जातीनं एकदा बसून ऐकायला हवी. व्हायोलानं म्हणून चालायचं नाही, खातोल. व्हायोलाला लेक नाही."

मी घाबरले आहे. पण माघार घ्यायची नाही! लिहून ठेवते म्हणजे उद्या पाय मागे घेता येणार नाही — माघार नाही.

मीझान २५, मंगळवार

आठवीची दुसरी ओळ आज जमली. आत्या म्हणाली, आता हिला शेपूट आलं.

*मला मातीत पुरलंत तरी —*
*वर गवत उगवेल, आणि तेसुद्धा तुमच्या गाईला कडू लागेल.*

मीझान २८, शुक्रवार

काल झालं. काल लिहिणं झालं नाही, आज लिहिते.

दुपारी तीनला सुरू. पडदा हिरवा, छतापासून जमिनीपर्यंत, व्यवस्थापकांनी कुठून लग्नमंडपातून आणलेला, मध्ये मध्ये टिकल्या. बायकांची बाजू अर्ध्या तासात भरली. बदाम, वेलची, तान्ही पोरं, एकीनं तर बोलानीच्या पोळ्यांचा डबा उघडला! पलीकडून नुसते खोकल्याचे आवाज. पुरुषांना पहिल्यांदाच असं बसवलं होतं, त्यांना काय करावं कळत नव्हतं. एकजण कुजबुजला, "दिसत काहीच नाही." इकडून कोणीतरी उत्तर दिलं, "आम्हाला जन्मभर दिसलं नाही, मेलो का?" हशा!

मग आत्यानं श्वास घेतला.

पहिली, दुसरी, तिसरी. म्हाताऱ्याची आली तेव्हा इकडे बायका मांड्यांवर थापा मारत होत्या आणि तिकडे चिडीचूप. मी एकदाही खाली बघितलं नाही, तिच्या खांद्यांकडेच. सातवीला तिनं दुसरी ओळ धरली ती सोडेच ना. "विचारा तरी" वर थांबली. मी खालचा सूर ओढत राहिले. फ्रिश्ताच्या डोळ्यांतून पाणी, व्हायोलिनवर टपटप. आत्या पडद्याकडे तोंड करून उभी होती, पहिल्यांदाच, आणि पुन्हा म्हणाली, "विचारा तरी!" हे लिहिलेलं नव्हतं. मग सोडलं.

आठवी संपल्यावर इकडे बायका उभ्या राहिल्या, ओरडल्या, रडल्या, एकीनं माझ्या तोंडात बदाम कोंबले. पलीकडे शांतता. मग एक टाळी. मग सगळ्या.

वहिनीनं आत्याला बुरख्यात घालून बाजूच्या दारानं काढलं. आतोबा आणि लाला घरी पोचले तेव्हा आत्या चुलीपुढे कांदा चिरत होती, डोळे लाल, आणि त्याला कारण हजर! मी चेलो घेऊन मागून आले.

लालानं विचारलं, "मग, आतोबा? काय म्हणता?" आतोबांनी पगडी काढून गुडघ्यावर ठेवली. "सभागृहात गारठा होता," म्हणाले. लाला वाट बघत राहिला. आणखी काही नाहीच. माझ्याबद्दल नाही, चेलोबद्दल नाही. लालाच्या तोंडचा घास गेला!

आज सकाळी आत्याला घेऊन गेले. गाडीत बसताना तिनं मला डोळा मारला. ठणठणीत डोळा.

जिंकलो!

मीझान ३०, रविवार

उस्ताद म्हणतात, मझारला करू, हेरातला करू. पडद्यासकट. व्यवस्थापकांनी तो पडदा धुऊन ठेवलाय.

अक्रब १, सोमवार

आत्याचा फोन नाही. पोचल्याचासुद्धा नाही.

अक्रब ३, बुधवार

वहिनीनं आतोबांच्या फोनवर लावला. त्यांनी उचलला, "बरे आहोत," आणि ठेवला. वहिनी म्हणते आवाज नेहमीचाच होता. नेहमीचा म्हणजे कसा, तेच तर कोणाला माहीत नाही.

अक्रब ४, गुरुवार

ओळखला असेल. ओळखलाच असेल. कुठल्या तोंडानं "जिंकलो" लिहिलं मी? ते पान फाडणार होते. नाही फाडलं. तिनं स्वतः ठरवलं होतं, मी तिला लहान मूल का समजते? पण झोप नाही.

अक्रब ६, शनिवार

आत्या आली. एकटी! अलिंगारपासून एकटी, दोन गाड्या बदलून, सोबत एकही पुरुष नाही. बोचकं दारात टाकलं, पाणी प्यायली.

आठवडाभर आतोबा बोलले नाहीत. काल सकाळी चहा पिताना म्हणाले, "सातवी उगाच लांबवलीस. घरी भिंतीशी म्हणतेस तशीच बरी लागते."

मला हसूच फुटलं, सुटलो म्हणून. रागावले नाहीत! आत्या हसली नाही.

"अकरा वर्षं ऐकत होता, खातोल. रोज संध्याकाळी. शब्द न् शब्द."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, ऐकलंस ना? मग ऊठ, माझ्या लेकीला घेऊन ये. ती ह्या घरात येईल तेव्हा मी येईन."

मग चुलीजवळ सरकून बसली, आणि म्हणाली, "पुढच्या वेळी तो पडदा लावू नका. त्या माणसाला ऐकू येतं."